ब्रेक मोठे, रस्ता तोच

गाडी किती पळते, हे सगळेच विचारतात. ती किती अंतरात थांबते, हे विचारणारा विरळा. त्यामुळे माझ्या भाच्याने मध्यंतरी जो प्रश्न विचारला त्याचे मला कौतुक वाटले. तो पुण्यात नोकरी करतो. हौसेने त्याने एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली आहे. ‘‘मामू, तिला मोठ्या डिस्क आणि लाल कॅलिपर बसवायचे म्हणतो. दीड-दोन लाख जातील. पण ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये, असं सगळे म्हणतात. बसवू का?’’

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझ्या शाळेच्या सुट्ट्या साताऱ्याला हमरस्त्याच्या कडेला असलेल्या चाचांच्या गॅरेजमध्ये गेल्या. फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरचे ड्रम उघडताना बघणे, पाना हातात देणे आणि ‘हवा काढताना’ पेडल दाबून धरणे ही माझी कामे होती. तेव्हापासून ब्रेक या वस्तूविषयी मला कुतूहल आहे. पुढे मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर ब्रेकच्या इतिहासातच आहे. ब्रेकमध्ये प्रत्येक सुधारणा कुणासाठी झाली, कुठल्या रस्त्यासाठी झाली, हे पाहिले की आपल्याला काय हवे आणि काय नको, ते आपोआप कळते.

मित्रहो, मोटारीच्या ब्रेकमधली पहिली सुधारणा शर्यतीसाठी झाली नाही. ती रस्त्यासाठी झाली आणि एका बाईने करवून घेतली. १८८८ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी तीन चाकांची मोटार तयार केली होती, पण ती विकत घ्यायला कुणी पुढे येत नव्हते. त्यांची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्या मोटारीतून मॅनहाइमहून फोर्झहाइम या आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मोटारीला ब्रेक होते ते लाकडी ठोकळ्यांचे. ते चाकावर घासायचे आणि वेग कमी व्हायचा. उतार लागले तसे ते ठोकळे झिजू लागले. तेव्हा वाटेतल्या एका गावी बर्थाबाईंनी जोडे शिवणाऱ्या कारागिराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे पहिले लायनर ते हेच. त्या बाईंना काही शोध लावायचा नव्हता, उतारावरून मुलांना सुखरूप खाली न्यायचे होते.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांचीही अशीच कथा सांगतात. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांचे चालक उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तळ लावतात, हे त्यांनी पाहिले आणि १८९७ साली ब्रेकची अस्तरे तयार करण्याचा उद्योग सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून त्यात एक अक्षर घालून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव बनवले. ते आजही आपल्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दिसते. चामडे आणि कापसाच्या जागी पुढे अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते जळत नाही, ही त्याची थोरवी. पण त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, हे गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना फार उशिरा कळले. चाचांच्या गॅरेजमध्ये ड्रम उघडला की उस्ताद तोंडाने फुंकर मारून आतली काळी भुकटी उडवत. ती भुकटी कशाची आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

तर, सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक असत ते फक्त मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी कोलांटी खाईल किंवा घसरेल, अशी भीती होती. प्रत्यक्षात गोष्ट उलट आहे. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, पुढच्या टायरांवर भार वाढतो आणि थांबवण्याचे मोठे काम तीच चाके करतात. हे पटायला १९२०चे दशक उजाडावे लागले. १९२१च्या सुमारास अमेरिकेत ड्यूसेनबर्गच्या मोटारीला चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. युरोपातही चार चाकी ब्रेक रुळू लागले.

आणि इथे एक गंमत झाली. ज्यांच्या मोटारीला चारही चाकांचे ब्रेक असत ते मागच्या मडगार्डवर एक लाल त्रिकोण लावत. त्याचा अर्थ असा, की बाबा रे, माझी गाडी तुझ्या अंदाजापेक्षा लवकर थांबते, तेव्हा अंतर ठेवून ये. मला हा त्रिकोण फार महत्त्वाचा वाटतो. चांगला ब्रेक ही एकट्याची मालमत्ता नाही, तिचा संबंध मागून येणाऱ्याशी आहे, ही जाणीव त्यात आहे. पुढे सगळ्यांकडेच तसे ब्रेक आले आणि त्रिकोण गेला. ती जाणीवही बरीचशी गेली.

त्याच काळातला एतोरे बुगाती यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांच्या मोटारी देखण्या आणि वेगवान. एका गिऱ्हाइकाने ब्रेकबद्दल तक्रार केली तेव्हा, आपण मोटारी पळण्यासाठी बनवतो, थांबण्यासाठी नाही, असे ते म्हणाले म्हणे. खरे-खोटे देव जाणे. पण वेगाची हौस आणि थांबण्याची कुवत यांत किती अंतर पडले होते, ते या किश्श्यातून कळते.

ते अंतर पडायचे कारण उष्णता. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, तो त्या वेगाची उष्णता करतो. ड्रम ब्रेक म्हणजे एक बंद डबा. आतले शू बाहेरच्या बाजूला फाकून त्याच्या भिंतीला दाबतात. उष्णता आत कोंडते. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते. मग पेडल दाबावे तितके खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. आपले ड्रायव्हर ज्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात, त्यातल्या कित्येक प्रसंगी काहीही तुटलेले नसते. ब्रेक फक्त तापलेले असतात. अर्ध्या तासाने ते पुन्हा लागतात, पण तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते.

यावरचा उपाय शतकाच्या सुरुवातीलाच कागदावर होता. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. बंद डबा नको, चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी घ्यावी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावे, आणि वारा लागून ती निवत राहावी, ही कल्पना. पण धातूवर धातू घासून कानठळ्या बसवणारा आवाज होई आणि त्या काळचे रस्ते धुळीचे. कल्पना मागे पडली. ती पुन्हा वर आली विमानांमुळे. जड विमान आखूड धावपट्टीवर थांबवायचे तर ड्रम पुरेना. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास विमानांना डिस्क ब्रेक आले. इंग्लंडच्या डनलॉप कंपनीने ती विद्या जॅग्वारच्या शर्यतीच्या मोटारीत आणली. ज्या जॅग्वारची ही कथा, तिची मालकी २००८पासून आपल्या टाटा मोटर्सकडे आहे.

१९५२ साली फ्रान्समध्ये रँस येथे स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेकच्या जॅग्वार सी-टाइपमधून शर्यत जिंकली. डिस्क ब्रेकचा हा पहिला मोठा विजय. खरी कसोटी मात्र १९५३ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत लागली. फ्रान्समधल्या या मार्गाची एक फेरी साडेतेरा किलोमीटरची. त्यात जवळजवळ सहा किलोमीटरचा एक सरळ रस्ता, आणि त्याच्या शेवटी एकदम काटकोनी वळण. ताशी २२५ किलोमीटरहून जास्त वेगाने यायचे आणि काही क्षणांत ताशी साठ-सत्तरवर उतरायचे. दिवसा, रात्री, धुक्यात, तीनशेहून अधिक वेळा. ड्रम ब्रेकवाल्यांना हे वळण यायच्या बरेच आधी पाय दाबावा लागे आणि रात्र सरता सरता ब्रेक सांभाळून गाडी चालवावी लागे. जॅग्वारवाले उशिरा ब्रेक दाबत आणि प्रत्येक फेरीला तसेच दाबू शकत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली, दुसरी आणि चौथीही जॅग्वारच. ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी वेगाने ल माँ जिंकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे पाहा, थांबण्याची कुवत वाढली म्हणून धावण्याचा वेग वाढला.

आता थोडे गणित करू. चौदाशे किलोची मोटार ताशी शंभर किलोमीटर वेगाने चालली आहे. ती एकदा पूर्ण थांबवली तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात साधारण पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. चार चाकांच्या डिस्क मिळून समजा तीस किलो लोखंड. एका थांबण्यात ते लोखंड सुमारे चाळीस अंशांनी तापते. चाळीस अंश म्हणजे काही नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत ते निवते. पण ताशी दोनशेच्या वेगाला ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि मागची निवायच्या आत पुढची आली, तर दहाव्या-पंधराव्या वेळी डिस्क लालबुंद दिसू लागते. ल माँच्या त्या वळणावर एकेका वेळी आपल्या ताशी शंभरच्या गाडीच्या तिप्पट उष्णता ब्रेकमध्ये जात होती, आणि ती दर साडेचार-पावणेपाच मिनिटांनी. मोठ्या ब्रेकची गरज तिथे आहे. मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते आणि लवकर निवते. ती गाडी पहिल्या वेळी लवकर थांबवते असे नाही, तर विसाव्या वेळीही पहिल्यासारखीच थांबवते.

ल माँचीच दुसरी गोष्ट १९५५ सालची. ती सांगताना आजही जड जाते. ११ जून, संध्याकाळची साडेसहाची वेळ. जॅग्वारवाले डिस्क ब्रेक घेऊन आले होते. मर्सिडीजच्या तीनशे एसएलआर गाड्यांना ड्रमच होते, आणि त्यांना मदत म्हणून चालकाच्या मागे एक मोठे फळकूट बसवले होते. वेग कमी करायचा झाला की ते उभे राही आणि हवा अडवी. त्या काळी पेट्रोल भरण्यासाठी थांबायची जागा मुख्य रस्त्याला अगदी लागूनच होती, मध्ये कठडासुद्धा नव्हता. जॅग्वारमधल्या माइक हॉथॉर्न यांनी लान्स मॅकलिन यांच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि पेट्रोलसाठी थांबायचे म्हणून ब्रेक दाबला. मॅकलिन यांनी टक्कर टाळायला गाडी डावीकडे काढली. त्यांच्यामागून ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने पिएर लेव्हेग यांची मर्सिडीज येत होती. ती मॅकलिनच्या गाडीवर चढली, उडाली, बांधावर आपटून फुटली आणि तिचे इंजिन आणि पुढचा भाग प्रेक्षकांत घुसला. लेव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. लेव्हेगच्या मागे त्याच संघाचे फँजिओ होते. आदळण्याच्या आधी लेव्हेगने हात वर करून आपल्याला सावध केले, म्हणून आपण वाचलो, असे फँजिओ पुढे सांगत.

चौकशी झाली. कुठल्याही चालकाला दोषी धरले नाही, अरुंद मार्गाची ती मांडणी त्या वेगासाठी उरली नव्हती, असे ठरले. मर्सिडीजने त्याच रात्री शर्यतीतून आणि त्या वर्षअखेर मोटारशर्यतींतूनच अंग काढून घेतले. स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदी घातली, ती अर्ध्या शतकाहून जास्त टिकली. या अपघाताचे खापर डिस्क ब्रेकवर फोडणे बरोबर नाही. मॅकलिनच्या गाडीलाही डिस्कच होत्या. पण एक गोष्ट त्या संध्याकाळी उघडी पडली. पुढचा किती लवकर थांबू शकतो, याने प्रश्न सुटत नाही. मागच्याला कळायला एक क्षण लागतो आणि सरायला जागा लागते. तो क्षण आणि ती जागा कुठलाही ब्रेक देऊ शकत नाही.

डिस्क ब्रेक त्यानंतर फार लवकर सामान्य रस्त्यावर आले. १९५५च्याच ऑक्टोबरात पॅरिसला सिट्रोएन डीएस दाखल झाली, तिच्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या. १९५६ साली ट्रायम्फ टीआर-३ या इंग्लिश स्पोर्ट्स कारला त्या आल्या. १९६६ साली जेन्सन एफएफ या मोटारीला विमानांसाठीच तयार झालेली चाक-जाम-रोधक यंत्रणा बसली आणि १९७८ साली बॉश कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसह मर्सिडीजने एबीएस बाजारात आणले. ओल्या रस्त्यावर घाबरून करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही आणि गाडी वळवता येते, हे सामान्य माणसाला मिळालेले सर्वांत मोठे दान. भारतात २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे.

शर्यतीची वाट मात्र वेगळी चालू राहिली. इटलीत बेर्गामोजवळ १९६१ साली स्थापन झालेल्या ब्रेम्बोने १९७५पासून फेरारीच्या शर्यतीच्या मोटारींना ब्रेक पुरवले. पुण्याजवळ चाकणलाही तिचा कारखाना आहे. कार्बनचे ब्रेक काँकॉर्ड विमानातून शर्यतीत आले. २००१ साली पोर्शेने ९११ जीटी-२ला सिरॅमिक डिस्क दिल्या. डिस्कला भोके पाडण्याची पद्धतही तिथलीच. जुने पॅड तापले की त्यांतल्या डिंकासारख्या पदार्थाचा वायू सुटे आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा थर येई. भोकांतून तो निघून जायचा आणि वजनही कमी व्हायचे. आजच्या पॅडमधून तसा वायू फारसा सुटत नाही. भोके मात्र राहिली, कारण ती छान दिसतात. फार तापवले तर त्याच भोकांपासून डिस्कला तडे जाऊ लागतात, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

तर आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. रस्त्यासाठी मोठे ब्रेक घ्यावेत का?

ब्रेक चाक थांबवतात, गाडी थांबवतात ते टायर. तुमची आताची यंत्रणा ताशी शंभरच्या वेगात चाक जाम करू शकत असेल, म्हणजेच करकचून दाबल्यावर एबीएसची थरथर पायाला जाणवत असेल, तर टायरची पकड पूर्ण वापरली गेली. त्यापुढे कॅलिपरला चार पिस्टन असोत की सहा, थांबण्याचे अंतर जवळजवळ तेवढेच राहते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी शंभरवरून थांबायला साधारण चाळीस मीटर लागतात. पावसात तेच पासष्टच्या घरात जाते. हा पंचवीस मीटरांचा फरक डिस्कने पडलेला नाही, रबर आणि रस्ता यांच्यामुळे पडला आहे. म्हणून पैसे खर्चायचेच तर पहिला मान टायरांचा. टायरची नक्षी झिजलेली असताना लाल कॅलिपर बसवणे म्हणजे फाटक्या चपलेवर शेरवानी घालणे.

दुसरे आपण ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते. ते हवेतला ओलावा शोषून घेते. नवे ताजे डॉट-४ दर्जाचे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल सरळ तळाला जाते. आपल्या कोकणातल्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तर याकडे जास्तच लक्ष हवे. दर दोन वर्षांनी तेल बदलायला फार खर्च येत नाही, पण ते कुणाला दाखवता येत नाही, म्हणून राहून जाते. तिसरे पॅड. चांगल्या प्रतीचे, रस्त्यासाठीचे पॅड घ्यावेत. शर्यतीचे घेऊ नयेत. ते तापल्यावर पकडतात, आणि सकाळी गल्लीतून बाहेर पडताना समोर शाळकरी पोर आले तर ते थंडच असतात. चौथे, रबरी नळ्या. त्या जुन्या झाल्या असतील तर बदलाव्यात. या चारही गोष्टी मिळून मोठ्या डिस्कच्या खर्चाच्या अंशात होतात.

मोठ्या कॅलिपरचा एक छुपा धोकाही आहे. पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधले जोराचे वाटप कारखान्याने तोलून ठेवलेले असते, एबीएसही त्याच हिशेबावर बेतलेले असते. पुढचेच ब्रेक वाढवले तर तो तोल बिघडतो आणि कधीकधी थांबण्याचे अंतर वाढते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी नेमका हाच प्रश्न विचारते.

मग मोठे ब्रेक कुणी घ्यावेत? जो गाडी घेऊन कोइम्बतूरच्या किंवा नोएडाजवळच्या शर्यतीच्या मार्गावर जातो, फेरीमागून फेरी मारतो, त्याने जरूर घ्यावेत. ज्याने इंजिनाची ताकद वाढवली आहे, त्यानेही, जाणकाराकडून सगळा तोल साधून घ्यावेत. त्याची गरज खरी आहे. कामावर जाऊन घरी येणाऱ्याची नाही.

‘‘पण मामू, घाट?’’ असे भाच्याने मध्येच विचारले होते. प्रश्न बरोबर होता. रस्त्यावर ब्रेक खरोखर तापतात ते घाटात. बोरघाटात साधारण पाचशे मीटर खाली उतरायचे, तर चौदाशे किलोच्या गाडीत जी ऊर्जा मोकळी होते ती ताशी शंभरवरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी आहे. सगळी ब्रेकवर टाकली तर कठीणच. पण त्याला उपाय इंजिनात आहे. चाचा खंबाटकीचा घाट उतरणाऱ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला आमच्या दखनीत सांगत, ‘‘जिस गिअर में चढ्या, उसीच में उतर.’’ खालच्या गिअरात इंजिन गाडीला मागे ओढते आणि ब्रेक निवलेले राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे ट्रक बोरघाटात पुढच्या गाड्यांवर कसे आदळतात, हे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचतो आहोत. त्यांना मोठे ब्रेक नको असतात, योग्य गिअर हवा असतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १९८०च्या दशकात जर्मनीत म्युनिकला टॅक्सींवर एक प्रयोग झाला. एकसारख्या टॅक्सींपैकी काहींना एबीएस होते, काहींना नव्हते. अपेक्षा अशी की एबीएसवाल्यांचे अपघात कमी होतील. तसा फरक पडला नाही. निरीक्षणात असे दिसले की चांगले ब्रेक मिळालेले चालक जास्त बेदरकारपणे चालवत होते, वळणे जोरात घेत होते, पुढच्या गाडीला जास्त चिकटत होते. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च करून टाकली. ल माँला १९५३ साली जॅग्वारने केले तेच त्यांनी केले. फरक इतकाच की जॅग्वार शर्यतीत होती आणि टॅक्सीवाले शहरात.

हिशेब साधा आहे. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ताशी शंभरच्या वेगात तेवढ्यात २८ मीटर मागे पडतात. ब्रेक अजून लागलेलाच नसतो. समजा दोन सारख्या गाड्या शेजारून चालल्या आहेत, एक ऐंशीने, एक शंभरने. समोर काही आले. ऐंशीची गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्या जागी शंभरची गाडी अजून ताशी सत्तरच्या वेगाने धावत असते. दोघींचे ब्रेक अगदी सारखे. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने यात जगण्या-मरण्याचा फरक आहे, आणि तो दीड-दोन लाखांत मिळत नाही, वीसने वेग कमी केला की फुकट मिळतो.

म्हणून माझे उत्तर असे : टायर चांगले ठेवा, तेल वेळेवर बदला, पॅड रस्त्याचे घ्या, घाटात गिअर खाली घ्या आणि उरलेले पैसे घरात ठेवा. कुणाला हौसच असेल आणि ऐपत असेल, तर कारखान्यानेच त्या मोटारीच्या वरच्या आवृत्तीला दिलेले, तोलून बसवलेले ब्रेक घ्यावेत. पण हौसेला हौस म्हणावे, सुरक्षितता म्हणू नये.

आज चाकाआडून लाल कॅलिपर चमकते ते बघणाऱ्याला सांगते, की मालकाने पैसा खर्च केला आहे. शंभर वर्षांपूर्वीचा तो लाल त्रिकोण मागच्याला सांगत होता, की मी लवकर थांबेन, तू जपून ये. लाल रंग तोच. मला विचाराल तर त्रिकोणाचे शहाणपण जास्त कामाचे होते. आणि आता तो त्रिकोण गाडीवर लावायची सोय नसली, तरी पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवून चालवणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)